इलेक्ट्रोलाइट: ओआरएसमधलं, रक्तातलं आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं एकच का?

साधा_प्रश्न

बॅटरीवाला म्हणतो इलेक्ट्रोलाइट कमी झालंय, डॉक्टर म्हणतात इलेक्ट्रोलाइट तपासून घ्या, मेडिकलवाला इलेक्ट्रोलाइटचं पाकीट हातात ठेवतो. ही एकच वस्तू आहे की नुसतं नाव सारखं? जाणकारांनी सांगावं. सोबत तीन नेमके प्रश्न:

१. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट थोडं थोडं करून ग्लासात घातलं तर चालतं का?

२. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत आरओचं पाणी चालेल का? ग्रॅव्हिटी (ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा) कमी दाखवत असेल तर ॲसिड घालावं का?

३. सत्तरीतल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये सोडियम १२८ आणि पोटॅशियम ५.९ आलंय, खाली 'नमुना हिमोलाइज्ड' असा शेरा आहे. बीपीची गोळी चालू आहे. जेवणात मीठ वाढवायचं का?

अणुरेणू

वस्तू वेगवेगळ्या, पण जात एक. पाण्यात विरघळल्यावर ज्याचे धन आणि ऋण भाराचे आयन सुटे होतात आणि हिंडू शकतात, ते इलेक्ट्रोलाइट. मीठ विरघळलं की सोडियम आणि क्लोराइड वेगळे होतात. साखरही विरघळते, पण तिचे रेणू अख्खेच राहतात, त्यांच्यावर भार नसतो. म्हणून साखर इलेक्ट्रोलाइट नाही. तांब्याच्या तारेत वीज इलेक्ट्रॉन नेतात, द्रावणात ते काम आयन करतात. मिठाच्या कोरड्या खड्यातही आयनच असतात, पण जागेवर अडकलेले, म्हणून त्यातून वीज जात नाही.

स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियसने हे १८८४ च्या प्रबंधात मांडलं तेव्हा उप्साला विद्यापीठातल्या परीक्षकांना पटलं नाही, त्यांनी त्याला जेमतेम पास केलं. त्याच सिद्धांताला १९०३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

घरी टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणारं) असेल तर पाच मिनिटांत पडताळा घेता येतो. ग्लासभर आरओचं पाणी घ्या, आकडा बघा. त्यात चमचाभर साखर ढवळा: आकडा जवळजवळ हलणार नाही. मग चिमूटभर मीठ टाका: थेट हजाराच्या घरात उडी. कारण हे मीटर 'काय काय विरघळलंय' ते मोजतच नाही. ते फक्त वाहकता मोजतं आणि तिला एका ठरलेल्या आकड्याने गुणून पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) दाखवतं. खाली बॅटरीच्या पाण्याचा विषय निघेलच, तेव्हा हे लक्षात असू द्या.

शरीरात हेच आयन कामाला लागतात. पेशीच्या बाहेर सोडियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक), आत पोटॅशियम साधारण तेवढंच. हा फरक टिकवायला पेशीच्या पडद्यातला पंप सतत चालू असतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. हा पंप येन्स स्कोउने १९५७ मध्ये शोधला, त्याबद्दल १९९७ च्या नोबेलमध्ये त्याला वाटा मिळाला. मज्जातंतूंचा संदेश, हृदयाचा ठोका, स्नायूंचं आकुंचन हे सगळं या फरकावर चालतं. बाकीचं त्या त्या विषयातल्या लोकांनी सांगावं.

बालरोग_ओपीडी

प्रश्न १ चं उत्तर: नाही. पाकीट अख्खंच फोडायचं आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घालायचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एक लिटरसाठी मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. एकूण २०.५ ग्रॅम. पाण्यात गेल्यावर सोडियम ७५ मिलिमोल, ग्लुकोजही ७५, आणि एकूण ऑस्मोलॅरिटी (लिटरमागे विरघळलेले सगळे कण मिळून) २४५, म्हणजे रक्तापेक्षा थोडी कमी. हेच पाकीट कोणी २०० मिलीच्या ग्लासात रिकामं केलं तर सोडियम ३७५ वर जातं, रक्ताच्या अडीचपटीहून जास्त. असलं द्रावण आतड्यातून पाणी आत घेण्याऐवजी शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं. जुलाब वाढतात, आणि तान्ह्या बाळात सोडियम चढून झटके येऊ शकतात. थोडं थोडं काढून घालण्यात वेगळीच अडचण आहे. पुडीतले चार घटक एकसारखे मिसळलेले राहत नाहीत, बारीक दाणे खाली बसतात. एका ग्लासात मीठ जास्त, दुसऱ्यात ग्लुकोज जास्त. ग्लासभरच हवं असेल तर २०० मिलीची छोटी पाकिटं मिळतात, ती घ्या.

करायची रीत: हात धुवा, उकळून गार केलेलं एक लिटर पाणी मोजून घ्या (पाण्याची एक लिटरची बाटली हे सर्वात सोपं माप), पूर्ण पाकीट घाला, नितळ होईपर्यंत ढवळा. चव घेऊन बघा, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. वरून साखर, दूध, सरबत काही घालू नका, आणि मिसळल्यावर उकळू नका. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, त्यापुढे मागेल तेवढं. बाटलीने गटागट नको, वाटी-चमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. 'उलटी होतेय म्हणून ओआरएस बंद केलं' हे फार ऐकू येतं, आणि नेमकं तेच मुलाला सलाइनपर्यंत नेतं. अंगावरचं दूध चालूच ठेवा. पेज, वरणाचं पाणी, मऊ भात चालतो. जोडीला झिंक १० ते १४ दिवस: रोज २० मिग्रॅ, सहा महिन्यांखाली १० मिग्रॅ. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी झिंकचा कोर्स पुरा करायचा.

ग्लुकोज कशाला, असं विचारतात. ते ताकदीसाठी नाही! लहान आतड्याच्या अस्तरात एक वाहक प्रथिन असतं, ते एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. कॉलऱ्यातही हा दरवाजा उघडा राहतो, ओआरएसची सगळी मदार त्यावर आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण ड्रममधून पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा ५ मिलीचा, आणि सपाट म्हणजे सुरीने वरचा थर काढलेला. यात पोटॅशियम नसतं, त्यामुळे ही पाकीट मिळेपर्यंतची सोय.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, शौचात रक्त आहे किंवा पाणी पिववतच नाही, तर घरगुती उपाय थांबवून थेट दवाखाना.

शहाळेवाला

शहाळ्याचं पाणी? आणि दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळतं ते?

बालरोग_ओपीडी

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. जुलाबात बाहेर जातं ते मुख्यतः सोडियम. म्हणजे जोडीला चालेल, ओआरएसच्या जागी नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळं घेऊ नये.

टेट्रापॅकच्या बाबतीत पाठीमागचा तक्ता वाचा. खेळाडूंसाठीच्या पेयात साखर १०० मिलीला ६ ग्रॅमच्या आसपास असते, ओआरएसमध्ये ती १.३५ ग्रॅम. सोडियम उलट बरंच कमी. घामासाठी ते ठीक, पण जुलाबात एवढी साखर आतड्यात पाणी ओढते. नावात 'ओआरएस' घालून गोड पेयं विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ती मुभा काढून घेतली. तरी नावापेक्षा आकडे बघायची सवय बरी.

सेल_नंबर_सहा

आता बॅटरी. त्यात असतं ते सौम्य सल्फ्युरिक ॲसिड. ओआरएसशी फरक असा की इथे इलेक्ट्रोलाइट नुसता वाहक नाही, तो स्वतः प्रक्रियेत खर्च होतो. डिस्चार्ज होताना सल्फेट दोन्ही प्लेटींवर जाऊन बसतं, शिशाचं सल्फेट होतं आणि ॲसिडच्या जागी पाणी तयार होतं. चार्जिंगला उलटं. म्हणून ग्रॅव्हिटी बघून चार्ज कळतो. पूर्ण चार्ज ट्युब्युलरमध्ये ती १.२४० च्या आसपास असते, गाडीच्या बॅटरीत जास्त, १.२७० ते १.२८०. ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवा, एका सेलचा विश्रांतीतला (चार्जिंग किंवा वापर चालू नसतानाचा) व्होल्टेज मिळतो. १.२४० ला २.०८, सहा सेलचे १२.४८ व्होल्ट.

हे समजलं की ॲसिडच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप निघतं. ग्रॅव्हिटी कमी आहे म्हणजे ॲसिड हरवलेलं नाही, ते प्लेटींत आहे. चार्ज करा, परत येईल. तुम्ही वरून ॲसिड ओतलंत की हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायचं साधन) लगेच छान आकडा दाखवतो, बॅकअप मात्र तेवढाच राहतो. मग पूर्ण चार्ज झाल्यावर प्लेटींतलं ॲसिडही बाहेर येतं, ग्रॅव्हिटी १.३०० च्या पुढे जाते, पॉझिटिव्ह प्लेटचा सांगाडा गंजतो आणि बॅटरी अकाली जाते. काही बॅटरीवाले 'ॲसिड बदलून देतो' म्हणतात, त्यांना हात लावू देऊ नका. ॲसिड घालायची वेळ एकच: बॅटरी कलंडून सांडलं असेल तर. तेव्हाही आधी पूर्ण चार्ज, मग त्याच ग्रॅव्हिटीचं तयार ॲसिड, जाणकाराकडून.

एरवी कमी होतं ते फक्त पाणी. चार्जिंगच्या शेवटी, १४.४ व्होल्टच्या आसपास, पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात. तेवढंच डिस्टिल्ड वॉटर भरायचं.

कसं भरायचं: इन्व्हर्टर बंद करा, खिडकी उघडा, गॉगल आणि रबरी हातमोजे घाला. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला तरी पेट घेतो, त्यामुळे जवळ उदबत्ती, लायटर काही नको. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा, नाहीतर तीच आत पडते. बॅटरी पूर्ण चार्ज असताना पाणी भरा, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. उतरलेल्या बॅटरीत खुणेपर्यंत भरलं तर चार्जिंगला ॲसिड झाकणातून बाहेर येतं. टर्मिनलवर हिरवा-पांढरा क्षार आणि स्टँड गंजलेला दिसला की बहुतेक हेच झालेलं असतं. अपवाद एकच, प्लेटी उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच पाणी, मग चार्ज, मग खुणेपर्यंत. फ्लोटची दांडी हिरव्या खुणेवर आली की थांबा.

पाणी भरल्या भरल्या ग्रॅव्हिटी घेऊ नका. ताजं पाणी वरच तरंगत असतं, आकडा खोटा येतो. एक पूर्ण चार्ज होऊ द्या, दोन-तीन तास थांबा, मग सहाही सेल बघा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने खाली असेल तर आधी इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल सारखे करायला दिलेला जादा चार्ज) देऊन पाहा. त्यानंतरही तो तसाच राहिला तर सेल बसला समजा. तापमानाची दुरुस्तीही करा: २७ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.०००७ मिळवायचे. चंद्रपूरच्या मे महिन्यात ॲसिड ४५ अंशांवर असताना १.२२५ दिसलं, तर खरी ग्रॅव्हिटी १.२३८ च्या आसपास, म्हणजे बॅटरी ठणठणीत. उन्हाळ्यात 'ग्रॅव्हिटी पडली' म्हणून कितीतरी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात.

सांडलेल्या ॲसिडवर खाण्याचा सोडा टाका, फसफस थांबेपर्यंत. सोड्याचा कण मात्र सेलमध्ये जाऊ देऊ नका. टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा.

जुगाड_जिंदाबाद

आरओचं सोडा, एसीच्या पाइपमधून येतं ते पाणी डिस्टिल्डच असतं की! टीडीएस मीटर १५-२० दाखवतं. फुकटात काम.

सेल_नंबर_सहा

वाफेचं पाणी झालं इथपर्यंत बरोबर. पण ते थंड होतं तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर, तिथे खोलीतली धूळ चिकटलेली, ट्रेमध्ये शेवाळ. वर अणुरेणूंनी सांगितलंय तसं मीटर वाहकता मोजतं, कोणता आयन आहे ते सांगत नाही. बॅटरीला सगळे आयन सारखे नसतात. लोह पॉझिटिव्ह प्लेटवर ऑक्सिडाइज होतं, निगेटिव्हवर परत जुन्या रूपात येतं, आणि या येरझाऱ्यांत बॅटरी वापराविना उतरत राहते. ते संपत नाही, त्यामुळे त्रास कायमचा. तांबं निगेटिव्ह प्लेटवर जमून गॅस वाढवतं. क्लोराइड शिसं खातं. आणि पाणी उडून जातं, क्षार आतच राहतात, म्हणजे दर खेपेला साठा वाढतो. आरओचं ४०-५० पीपीएमचं पाणी याच कारणाने नको, पिण्यासाठी ते कितीही चांगलं असलं तरी. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हे वेगळं भारतीय मानकच आहे, कॅनवर तो क्रमांक बघून घ्या. पाच लिटरच्या कॅनचे पैसे बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाहीत.

लॅब_टेबल

प्रश्न ३. आधी पोटॅशियम, कारण तो आकडा बहुधा खोटा आहे.

पोटॅशियम ३.५ ते ५.० हवं. पण लाल पेशींच्या आत ते कितीतरी पट जास्त असतं. रक्त काढताना बारीक सुईतून जोरात ओढलं, नळी जोरजोरात हलवली की पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम सीरममध्ये येतं. 'हिमोलाइज्ड' शेऱ्याचा अर्थ हाच. पट्टी घट्ट बांधून रुग्णाला मूठ उघड-मीट करायला लावली तरी आकडा चढतो. नमुना वेगळा न करता फ्रीजमध्ये ठेवला तरीही: थंडीत वर सांगितलेला तो पंप थांबतो आणि पोटॅशियम झिरपत बाहेर येतं. घरून नमुना नेला असेल तर तो किती वेळात लॅबला पोचला हे विचारायला संकोच करू नका. पोटॅशियम जास्त आणि जोडीला कॅल्शियम विचित्र कमी असेल, तर जांभळ्या झाकणाच्या नळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) मिसळल्याचा संशय घ्यायचा, कारण त्या नळीत पोटॅशियमचंच ईडीटीए असतं. तर त्याच दिवशी, मूठ न आवळता, दुसरा नमुना. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्यांपैकी काही चालू असेल तर ५.९ खरंही असू शकतं, मग ईसीजीही लागेल. म्हणून 'खोटा असेल' म्हणून सोडून द्यायचं नाही, फेरतपासणी करायचीच.

सोडियम १२८ मात्र हिमोलिसिसमुळे सहसा एवढं उतरत नाही. ते खरं धरून चला (१३५ ते १४५ हवं). पण यात गोम अशी की सोडियम कमी म्हणजे शरीरात मीठ कमी असं बहुतेक वेळा नसतं, मिठाच्या मानाने पाणी जास्त असतं. या वयात आधी संशय लघवी वाढवणाऱ्या गोळीवर: क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड. बीपीच्या कितीतरी जोडगोळ्यांत यांतलं एखादं दडलेलं असतं, म्हणून रिपोर्टबरोबर गोळ्यांची पाकिटंच डॉक्टरांसमोर ठेवा. हृदय कमजोर असलेल्याला मीठ वाढवून दिलं तर सूज आणि दम वाढतो. म्हणजे मीठ वाढवायचं की पाणी कमी करायचं की गोळी बदलायची, हे कारण कळल्यावर ठरतं. गोंधळल्यासारखं बोलणं, गुंगी, सतत उलट्या, झटका यांपैकी काही असेल तर थांबू नका, रुग्णालयात न्या. तिथेही आकडा सावकाश चढवतात, २४ तासांत साधारण ८ ते १० मिलिमोलच्या आत. घाईने वर नेला तर मेंदूतल्या नसांवरच्या आवरणाला इजा होते, ती कायमची राहू शकते.

आता गंमत. हे आकडे काढणारं यंत्रही एक प्रकारचा विद्युतघटच आहे. पोटॅशियमच्या इलेक्ट्रोडवर व्हॅलिनोमायसिन घातलेला पडदा असतो. हा रेणू पोटॅशियमला नेमका धरतो, सोडियमला जवळपास ओळखतच नाही. पडद्याच्या दोन बाजूंना जो व्होल्टेज तयार होतो तो मोजायचा. आयन दहापट झाले की ३७ अंशांना सुमारे ६१ मिलिव्होल्ट. हिशेब करून बघा: पोटॅशियम ४ चं ५ झालं तर फरक ६ मिलिव्होल्टचा, आणि सोडियम १४० चं १३५ झालं तर जेमतेम १ मिलिव्होल्टचा. म्हणून कॅलिब्रेशनमध्ये जरा ढिलाई झाली की आधी सोडियम भरकटतं. एकाच सकाळी सगळ्यांचं सोडियम कमी येऊ लागलं तर रोग यंत्राला झालेला असतो.

साधा_प्रश्न

भारी माहिती, सगळ्यांचे आभार. एक राहिलं. मोबाइलच्या लिथियम बॅटरीत पाणी भरावं लागत नाही, तिथे इलेक्ट्रोलाइट नसतं का? फुगते ती कशाने?

अणुरेणू

असतं, फक्त त्यात पाणी नसतं, आणि नसावंच लागतं. तत्त्वतः पाणी १.२३ व्होल्टला फुटतं. शिशाच्या बॅटरीत २ व्होल्ट निभावतात कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन फार आळशीपणे सुटतो. लिथियमच्या ३.७ व्होल्टपुढे मात्र पाण्याचा टिकाव लागत नाही. म्हणून इथिलीन कार्बोनेटसारख्या सेंद्रिय द्रावकांत लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट, लिटरला साधारण एक मोल. या क्षाराला ओलावा लागला की त्यातून हायड्रोफ्लुओरिक ॲसिड निघतं, त्यामुळे सेल भरायच्या खोल्या अत्यंत कोरड्या ठेवतात.

पहिल्याच चार्जमध्ये थोडं इलेक्ट्रोलाइट ग्रॅफाइटवर विघटित होऊन पातळ थर बनतो, तोच पुढे उरलेल्याला वाचवतो. उष्णतेने किंवा अतिचार्जने हा थर मोडत आणि पुन्हा बनत राहिला की वायू साठतो आणि पाऊच (बॅटरीची मऊ पिशवी) फुगतो. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. आतला द्रावक ज्वलनशील आहे. फोन बंद करून धातूच्या डब्यात, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात नको.

एलईडी बल्ब लुकलुकायला लागतो, तिथेही पुष्कळदा दोषी इलेक्ट्रोलाइटच असतं: ड्रायव्हरमधल्या (बल्बला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधल्या) ॲल्युमिनियम कपॅसिटरमधलं, उष्णतेने वाळलेलं. दर १० अंश वाढीला अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बंद काचेच्या शेडमधले बल्ब लवकर जातात ते यामुळेच.

लॅब_टेबल

एक राहून गेलं, 'लो सोडियम' मीठ वापरणाऱ्यांसाठी. त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. घरगुती साखर-मिठाच्या पाण्यात ते घालू नका, सोडियम अपुरं पडेल. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि वर लिहिलेल्या पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वयंपाकातही नको. सैंधव हे या प्रकारात मोडत नाही, ते जवळपास सगळं साधं सोडियम क्लोराइडच, फक्त आयोडीन घातलेलं नसतं.